जनगणनेत शहर, कारभारात गाव

२०११ च्या जनगणनेने चाकणला शहर ठरविले. लोकसंख्या ४१ हजारांवर गेली होती. पाच हजारांची वस्ती, चौरस किलोमीटरमागे चारशे माणसांची घनता आणि काम करणाऱ्या पुरुषांपैकी किमान ७५ टक्के शेतीबाहेर, या तीन कसोट्यांना गाव उतरले की ते ‘जनगणना शहर’ होते. होते ते कागदावर! कारभार ग्रामपंचायतीकडेच राहिला. नगर परिषद आली ती २०१५ मध्ये. फोक्सवॅगनच्या कारखान्याचे उद्घाटन मात्र २००९ मध्येच उरकले होते. मोटार जगाच्या बाजारात जाऊ लागली, आणि ती घडविणाऱ्या कामगाराच्या दारातील सांडपाणी ग्रामपंचायतीच्या तुटपुंज्या उत्पन्नावर सोडून देण्यात आले.

जनगणनेने खोटे काहीच सांगितले नाही. माणसे कोण आहेत, किती आहेत, काय करतात, एवढेच तिने सांगितले. त्यांना पाणी कोणी द्यायचे, हे वर्गवारीत बसतच नव्हते. बरे, तिसऱ्या कसोटीत पुरुषच का? सुट्या भागांच्या कारखान्यांत उभ्याने पाळी करणारी महिला या व्याख्येच्या लेखी अस्तित्वातच नाही.

वस्त्यांवर मारलेले शिक्के तर याहून फसवे. पिंपरी-चिंचवड नवनगर विकास प्राधिकरण १९७२ मध्ये स्थापन झाले ते औद्योगिक कामगारांना घरे मिळावीत म्हणून. आज निगडी प्राधिकरण म्हटले की सुखवस्तू कुटुंबांचे बंगले आठवतात. इकडे चाकणच्या आसपास शेतकऱ्यांनी बांधलेल्या खोल्यांच्या रांगांत मराठवाड्यातला आयटीआय झालेला मुलगा आणि बिहारचा कंत्राटी कामगार एकाच नळावर पाणी भरतात. भिंत पक्की असली की बाहेरून पाहणाऱ्याला ती झोपडपट्टी वाटत नाही. आतील दाटी तशीच राहते. उलट, झोपडपट्टी म्हणून नोंदलेल्या वस्तीतील कुशल फिटरही ‘तिथला’ म्हणूनच ओळखला जातो. सेवावस्तीत घरोघरी जाणाऱ्या कार्यकर्त्याला हे वेगळे सांगायला नको. नियोजनकर्त्यांना ते कोण सांगणार?

त्यात आकडेही शिळे. २००१ मध्ये दहा लाखांच्या घरात असलेले पिंपरी-चिंचवड २०११ मध्ये सतरा लाखांपलीकडे गेले. पुढची जनगणना २०२१ ला व्हायची ती लांबली आणि आता तिचा संदर्भदिन १ मार्च २०२७ ठरला आहे. त्या गणनेतून नवी ‘जनगणना शहरे’ निघतीलच. अशा प्रत्येक गावाला नगर परिषद कोणत्या मुदतीत मिळेल, याचे उत्तर नगरविकास खात्याने त्याआधीच दिले पाहिजे. चाकणच्या वेळी ते कोणी दिले नव्हते.