भात शेवटी वाढा

मे महिन्यात आंबवड्याला एका घरी जेवायला गेलो होतो. मुलगा नोकरीनिमित्त जपानला असतो. सुट्टीवर आल्यावर त्याने आणि सुनेने हौसेने घरीच 'कायसेकी' रांधली होती. कायसेकी म्हणजे एकामागून एक, थोडं थोडं वाढत जायचं जपानी मेजवानीचं जेवण. आधी काकडी-तिळाची कोशिंबीर, मग पातळ सूप, वाफवलेलं अंडं, लाल भोपळा, भाजलेला मासा. प्रत्येक पदार्थ लहान वाटीत मावेल एवढाच.

घरातले आजोबा मधुमेहाचे माझे जुने पेशंट (त्यांना विचारूनच लिहितो आहे). तिसऱ्या वाटीला त्यांचा धीर सुटला. "सूनबाई, आज भात हाय का न्हाई?"

भात होता, पण सगळ्यात शेवटी, लोणच्यासोबत, वाटीभर. तोवर आजोबांचं पोट भरत आलेलं. त्यांनी निम्मा ठेवला. पंधरा वर्षं मी "भात कमी करा" म्हणून घसा कोरडा केला, तरी हे दृश्य पाहिलं नव्हतं!

आता मुद्द्यावर येतो. 'जपानी लोक शंभर वर्षं जगतात' असे मेसेज तुम्हालाही येतात. मग दवाखान्यात विचारणा होते, "डॉक्टर, मिसो कुठे मिळेल? माचा चहा घेऊ का?" माझं भांडण या खरेदीशी आहे. मिसो आणि सोया सॉस दोन्ही खारट. एक मोठा चमचा सोया सॉस म्हणजे सुमारे अडीच ग्रॅम मीठ. जागतिक आरोग्य संघटना दिवसभरात ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खा म्हणते. १९५०-६०च्या दशकांत जपानमध्ये पक्षाघाताने फार माणसं मरत, विशेषतः खारवलेलं खूप खाणाऱ्या उत्तरेकडच्या आकिता भागात. पुढे तिथे मीठ कमी करण्याच्या आणि रक्तदाब तपासण्याच्या मोहिमा झाल्या आणि पक्षाघात कमी झाला. ही गोष्ट मेसेजमध्ये नसते. आणि आपण मात्र पापड-लोणच्याच्या जोडीला आणखी एक खारट डबा घरात आणणार!

घ्यायचा तर क्रम घ्या. तो फुकट आहे. जेवण तेच, पण भाजी आणि प्रथिनं आधी, भात नंतर, असं खाल्लं तर जेवणानंतरची साखर कमी चढते, हे जपानमधल्याच संशोधकांनी मधुमेहींवर तपासलं आहे. आधी गेलेल्या चोथ्यामुळे आणि प्रथिनांमुळे जठर सावकाश रिकामं होतं, म्हणून भाताची साखर रक्तात हळू उतरते. (जपानात रोजच्या जेवणात भात सोबतच असतो; मी मेजवानीच्या क्रमाबद्दल बोलतोय.)

आपली पंगत नेमकी उलटी. वरण-भाताची मूद आधी, शेवट ताक-भाताने, आणि कोशिंबीर पानाच्या डाव्या बाजूला चिमूटभर, जणू चवीची सूचना. "आमचे आजे-पणजे असंच जेवायचे," हे मला रोज ऐकवलं जातं. ते दिवसभर खाचरात चिखलणी करत, लावणी करत होते. तुम्ही ट्रॅक्टर बोलावता आणि दुपारी मालिका बघता. भोर-वेल्ह्यात भात सोडा म्हणणारा डॉक्टर मूर्ख. आंबेमोहोराचा वास मलाही सुटत नाही. मी फक्त जागा बदला म्हणतोय.

आधी वाटीभर कोशिंबीर, मग पालेभाजी, मग उसळ, घट्ट वरण, अंडं किंवा मासा. दहा मिनिटं जाऊ द्या. मग भात, एकदाच, वाटीने मोजून.

एक सावधगिरी. जेवणाआधी इन्सुलिन घेणाऱ्यांनी किंवा साखर उतरवणाऱ्या ठरावीक गोळ्या खाणाऱ्यांनी भात लांबवू किंवा एकदम कमी करू नये, साखर फार खाली जाऊ शकते. किडनीचा त्रास असेल तर उसळ-वरणाचं प्रमाणही आधी आपल्या डॉक्टरांना विचारा.

आजोबा परवा येऊन गेले. तक्रार एकच होती: "सून भात शेवटी देती, पण पातेलं आत ठेवून येती."

मी सुनेच्या बाजूने आहे.