पान्ह्याचे इंजेक्शन आणि बाळंतिणीचा जीव

दुधाच्या धंद्यातल्या माणसाला ‘पान्ह्याचे इंजेक्शन’ म्हणजे काय हे सांगावे लागत नाही. वासरू दगावले, म्हैस पान्हा चोरायला लागली, की बिनलेबलाच्या बाटलीतून सुई भरायची आणि पाच मिनिटांत धार सुरू. या औषधाचे नाव ऑक्सिटोसिन. हेच औषध दवाखान्यात बाळंतिणीला टोचतात आणि तिथे त्याच्यावर जीव अवलंबून असतो. गोठ्यातल्या गैरवापरामुळे ते बाळंतिणीलाच मिळेनासे होण्याची वेळ २०१८ साली जवळ आली होती. म्हणून हा विषय आज शेतीच्या पानावर घेतला आहे.

आधी बाळंतपणाचे बघू. बाळ बाहेर आले की घरची मंडळी सुटकेचा श्वास टाकतात, पेढ्याची तयारी सुरू होते. सिस्टरचे अवघड काम मात्र तिथून पुढे असते. दिवस भरलेल्या बाईच्या गर्भाशयाकडे मिनिटाला सुमारे अर्धा लिटर रक्त जात असते. वार सुटल्यावर गर्भाशय आवळले गेले नाही, तर त्या उघड्या शिरांतून रक्त वाहत राहते आणि धडधाकट बाई तास-दोन तासांत हातची जाऊ शकते. म्हणून बाळ जन्मल्यावर एका मिनिटाच्या आत, पोटात दुसरे बाळ नाही याची खात्री करून, सिस्टर ऑक्सिटोसिनचे १० युनिट मांडीत टोचते. नंतर दर पंधरा मिनिटांनी पोटावर हात ठेवून गर्भाशय कडक आहे की मऊ पडले ते पाहते, नाडी आणि रक्तदाब बघते, रक्त किती गेले त्याचा अंदाज घेते. पहिले दोन तास तिला बाळंतिणीपासून हलवू नये. एकटी सिस्टर आणि बाहेर नोंदवहीसाठी ताटकळलेली माणसे, असे चित्र असेल तर हे व्हायचे कसे?

रक्ताचा नजरेने घेतलेला अंदाज फसतो. केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका आणि टांझानिया या देशांतल्या ८० रुग्णालयांत झालेल्या अभ्यासात बाळंतिणीखाली खुणा केलेली प्लॅस्टिकची पिशवी ठेवून रक्त मोजले आणि मर्यादा ओलांडताच सगळे उपचार एकदम सुरू केले. जास्त रक्तस्राव, त्यामुळे करावी लागणारी शस्त्रक्रिया किंवा मृत्यू, हे सगळे मिळून ६० टक्क्यांनी घटले. हे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. मोजमापाची साधी पिशवी, पण काम केवढे!

आता या औषधाची दुसरी बाजू. बाळ जन्मण्याआधी, कळा वाढवण्यासाठी ते भलत्या हाताने दिले तर घात होतो. कळा इतक्या जोरात येतात की बाळाला प्राणवायू पुरत नाही, प्रसंगी गर्भाशय फाटते. म्हणून कळा वाढवायला हे औषध द्यायचे ते डॉक्टरच्या देखरेखीखाली, सलाईनमधून थेंबाथेंबाने आणि सिझेरियनची सोय असेल तिथेच. उपकेंद्रात सिस्टरला तसे देता येत नाही. तरी सासूबाई म्हणतात, “बाई, एक कळांचं इंजेक्शन टोचा की, रात्र झाली.” सिस्टरने नकार दिला की तिला काही येत नाही, असा बोभाटा होतो. आणि गावातला बोगस डॉक्टर ते बिनदिक्कत टोचतो. मंडळी, नकार देणारी सिस्टर शहाणी आहे हे पंचांनी उघड बोलून दाखवले पाहिजे.

गोठ्याकडे वळू. एप्रिल २०१८ मध्ये केंद्र सरकारने गैरवापराचे कारण देऊन खासगी कंपन्यांना देशातल्या वापरासाठी हे औषध बनवण्यास बंदी घातली आणि सगळी भिस्त कर्नाटकातल्या एकाच सरकारी कंपनीवर टाकली. एक कारखाना अडखळला तर देशभरातल्या बाळंतिणींनी काय करायचे, हा प्रश्न न्यायालयात गेला. दिल्ली उच्च न्यायालयाने डिसेंबर २०१८ मध्ये ती अधिसूचना रद्द केली. प्रकरण पुढे सर्वोच्च न्यायालयात गेले. माझ्या मते न्यायालयाने योग्य केले, पण ही वेळ आपल्याच गोठ्यांमुळे आली हेही खरे.

त्याच न्यायालयाने मे २०२४ मध्ये दिल्लीतल्या दुग्धशाळांची दर आठवड्याला तपासणी करण्याचे आदेश दिले. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्याच्या कलम १२ खाली, दूध वाढवण्यासाठी जनावराला अपाय होईल असे इंजेक्शन दिल्यास दोन वर्षांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकतात आणि जनावर सरकारजमा होते. दंड फक्त १००० रुपयांपर्यंत आहे, पण म्हैस गेली तर?

या दुधाने मुली लवकर वयात येतात, अशी चर्चा पारावर चालते. तिला शास्त्रीय आधार नाही. हे द्रव्य पोटात पचून जाते. नुकसान जनावराचे आहे. रोज सुई टोचली की ते सुईशिवाय पान्हा सोडत नाही. त्यापेक्षा वेळ ठरलेली, माणूस एकच, कास कोमट पाण्याने धुतलेली आणि पुढ्यात आंबोण, एवढे आठवडाभर नेमाने करून बघा.

शेवटचा मुद्दा थंडाव्याचा. लाळ्या-खुरकुताची लस पशुवैद्यक बर्फाच्या डब्यातून का आणतात, हे आपल्याला ठाऊक आहे. ऑक्सिटोसिनलाही २ ते ८ अंश तापमान लागते. उन्हाळ्यात टेबलाच्या खणात पडलेल्या कुपीचा जोर उतरतो, आणि टोचूनही रक्त थांबत नाही.

तेव्हा सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकारी यांनी, ज्या उपकेंद्रात बाळंतपणे होतात तिथे, आरोग्य समितीच्या पुढच्या बैठकीत सिस्टरला समोर बसवून विचारावे: फ्रीज चालू आहे का, वीज गेली तर इन्व्हर्टर किंवा सौर पॅनेल आहे का, रात्री दुसरे माणूस सोबतीला असते का? नसेल तर ठराव करून प्राथमिक आरोग्य केंद्राकडे मागणी द्या. किरकोळ खर्च समितीच्या निधीतून होतो. बाळंतिणीला वरच्या दवाखान्यात नेण्याचे वाहन जून २०११ पासून जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात मोफत आहे. त्यासाठी १०२ किंवा १०८ हे क्रमांक दूध संकलन केंद्राच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत रंगवून घ्या. तिथे सकाळ-संध्याकाळ सगळे गाव येते.