उदासीनता कीं मेंदूचा दाह?

पौषी पौर्णिमेस म्हशाची यात्रा भरते आणि मुरबाड-शहापूरकडील घरोघर पाहुण्यांची वर्दळ सुरू होते. अशा गडबडींत एखादी हंसतमुख सून माजघराच्या कोपऱ्यांत गप्प बसून राहूं लागली, तर वडीलधारी मंडळी काय म्हणतात हें सांगावयास नको. माहेरची ओढ, अंगचोरपणा, नाहीं तर दृष्ट! या निदानांवर एकमत चटकन् होतें, आणि मोलाचे दिवस निघून जातात.

रोगजंतूंशीं झुंजणारीं प्रतिद्रव्यें कधीं कधीं आपल्याच मेंदूवर उलटतात. स्मृति, विचार व भावना यांचें काम चालविणारे पेशींवरील ग्राहक त्यामुळें घटत जातात. या दाहाचा सर्वांत परिचित प्रकार डॉ. जोसेप दाल्माउ व त्यांचे सहकारी यांनीं २००७ सालीं उलगडून दाखविला. रोगी बहुधा तरुण स्त्रिया असतात. कित्येकींच्या बीजकोशांत गांठ सांपडते, व ती काढणें हाही उपचाराचाच भाग असतो.

न्यूयॉर्कच्या सुझॅना कॅहलान या २४ वर्षांच्या वार्ताहर बाईंना २००९ सालीं हाच रोग जडला. संशय, निद्रानाश, मग झटके. दोष मद्यावर व मनावर गेला. अखेर डॉ. सोहेल नज्जार यांनीं त्यांना घड्याळाचें चित्र काढावयास सांगितलें, तेव्हां त्यांनीं सारे आंकडे उजव्याच अंगास कोंबले! बाई पुढें बऱ्या झाल्या व २०१२ सालीं त्यांनीं आपली हकीकत पुस्तकरूपानें प्रसिद्ध केली.

उदास दिसणाऱ्या प्रत्येकास हा रोग असतो असें मुळींच नव्हे, तो विरळाच. साध्या औदासीन्यासही उपचार हवेतच. परंतु ताप वा डोकेदुखी होऊन थोड्याच आठवड्यांत स्वभाव पालटला, झोप उडाली, बोलणें तुटक झालें, विसर पडूं लागला, तोंडाच्या चमत्कारिक हालचाली होऊं लागल्या किंवा आंकडी आली, तर मेंदूचाच विचार करावा. मनाच्या औषधानें अंग ताठरलें, तर तेंही डॉक्टरांस तत्काळ सांगावें.

शहापूरकरांस आसनगांवची लोकल आहे; मुरबाडकरांस एस्.टी.नें कल्याण गांठावें लागतें. तालुक्याच्या रुग्णालयांत दाखवून ठाण्यामुंबईच्या मज्जातज्ज्ञांकडे चिठ्ठी मागावी. रक्त व पाठीच्या कण्यांतील पाणी यांत प्रतिद्रव्यें शोधतात. मेंदूचें छायाचित्र निर्दोष आलें तरी रोग नाहींच असें ठरत नाहीं. कण्यांतील पाणी काढल्यानें माणूस पांगळा होतो, ही भीति आम्हीं सुशिक्षितांच्याही ओटीवर ऐकली आहे. ती निराधार होय.

स्टेरॉइडें, इम्युनोग्लोब्युलिन, रक्तरसाची अदलाबदल असे उपचार आहेत. २०१३ सालीं प्रसिद्ध झालेल्या ५७७ रोग्यांच्या पाहणींत, दोन वर्षांपर्यंत ज्यांची वार्ता मिळाली त्यांपैकीं सुमारें चार-पंचमांश चांगले सुधारलेले आढळले. लवकर उपचार मिळालेल्यांचें अधिक साधलें. मात्र सुधारणा महिनोन् महिने चालते, आणि तोंवर घरानें चुलीची पाळी सुनेवर लादूं नये.

डॉक्टर प्रथम विचारतात, "हें केव्हांपासून?" याचें नेमकें उत्तर बहुधा सासूबाईंपाशींच असतें. भाजींत मीठ दोनदां पडलें तो दिवस, धाकट्या दिराचें नांव आठवेना ती संध्याकाळ, हें सारें कालनिर्णयाच्या पानावर टिपून तें पान सोबत न्यावें.