न्याहाळक कोण?

ब्राउझरसाठी मराठीत कुणीतरी ‘न्याहाळक’ असा शब्द काढला. छापील मजकुरात तो अधूनमधून भेटतो, बोलताना कुणाच्या तोंडून ऐकलेला नाही. शब्द काढणाऱ्याच्या मनातलं चित्र साधं असणार : माणूस खुर्चीत बसलाय आणि काचेतून जग न्याहाळतोय. पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत या वाक्यातल्या कर्त्याने आणि कर्माने गुपचूप जागा बदलल्या. शब्द मात्र तोच चालतो, उलट आता जास्तच चपखल बसतो.

आमच्या सोसायटीत एक निवृत्त पोस्टमास्तर राहतात. टाळेबंदीत नातवाच्या शाळेसाठी घेतलेला संगणक नातू कॉलेजला गेल्यावर त्यांच्याकडे आला. काकांना विचारलं, ‘‘ब्राउझर कुठला वापरता?’’ ते म्हणाले, ‘‘गूगल.’’ हे उत्तर चूक म्हणायची माझी हिंमत नाही, निम्म्या महाराष्ट्राचं तेच असेल. मला बोलावलं होतं ते पडद्याच्या कोपऱ्यात दर दहा मिनिटांनी उगवणाऱ्या लाल चौकटीसाठी. ‘तुमच्या संगणकात पाच व्हायरस सापडले आहेत, ताबडतोब इथे दाबा.’ काका दाबायच्या बेतातच होते, काकूंनी हात धरला म्हणून वाचले.

व्हायरस कसला नि काय. कधीतरी पंचांगाच्या का लोणच्याच्या कुठल्याशा साइटने ‘सूचना पाठवू का?’ असं विचारलं होतं आणि काकांनी ‘अलाउ’ दाबलं होतं. (‘‘विचारतात एवढं, तर नाही कसं म्हणायचं?’’) सेटिंगमध्ये जाऊन पाहिलं तर अशी परवानगी घेतलेल्या तेवीस साइट निघाल्या. सगळ्या बंद केल्या, आणि यापुढे कुणी विचारूच नये अशी खूणही करून ठेवली. लाल चौकट पुन्हा आली नाही.

खरी गंमत पुढे होती. त्या ब्राउझरच्या उजव्या कोपऱ्यात नातवाचा फोटो होता. खातं अजून त्याचंच. म्हणजे काका दुपारी जे शोधत, त्याची यादी दूरच्या हॉस्टेलवर नातवाच्या फोनमध्ये उमटत होती. मूळव्याधीवर घरगुती उपाय, मृत्युपत्राचा नमुना, सगळं. नातू बिचारा लाजून काही बोलला नव्हता. भरीस भर म्हणजे काकांच्या बँकेचा पासवर्डही, ‘जतन करू का?’ला ‘हो’ म्हटल्यामुळे, त्याच खात्यात जाऊन बसला होता. लोकांच्या बंद पाकिटांना जन्मभर हात न लावणाऱ्या माणसाच्या घरी हे चाललं होतं.

काकांनी ब्राउझर निवडलेलाच नव्हता. तो आला होता, जसा संगणक आला, टेबल आलं. आपल्यापैकी बहुतेकांचं तसंच असतं. तीस रुपयांची पालकाची जुडी उलटीपालटी करून घेणारे आपण, ज्या खिडकीतून पगार, पेन्शन, दुखणी आणि भांडणं सगळी जातात ती खिडकी कुणी बसवली हे विचारत नाही.

आणि आपण विचारणार नाही, यावर पैसा लागलेला आहे. अमेरिकेत गूगलवर मक्तेदारीचा खटला चालला. न्यायमूर्ती अमित मेहता यांनी ऑगस्ट 2024 मध्ये निकाल दिला, त्यात आकडा आहे : ब्राउझरच्या आणि फोनच्या शोधपेटीत आधीपासून आपलंच नाव असावं म्हणून गूगलने 2021 या एका वर्षात 26 अब्जांहून जास्त डॉलर मोजले. पेटीतलं नाव बदलायला दोन मिनिटं लागतात, फुकट. तरी कुणी बदलत नाही. आपल्या आळसाचा बाजारभाव हा असा अब्जांत आहे. गूगलला त्याचा ब्राउझर क्रोम विकायला लावा, अशी सरकारी वकिलांची मागणी होती. सप्टेंबर 2025 मध्ये न्यायालयाने ती फेटाळली, एकट्यानेच जागा अडवण्याचे करार मात्र बंद केले. युरोपात 2010 पासून मायक्रोसॉफ्टला विंडोजवर ‘कुठला ब्राउझर हवा?’ असं विचारणारी चौकट दाखवावी लागली. पुढे एका आवृत्तीत ती चौकट दाखवायची राहून गेली, तर 2013 मध्ये 56.1 कोटी युरोंचा दंड बसला. आपल्या घरी येणारा संगणक असलं काही विचारत नाही. तो स्वतःच्या घरचाच ब्राउझर पुढे करतो, आणि दुसरा उतरवायला गेलं की ‘कशाला, मी आहे ना’ म्हणून आडवा येतो.

मग घ्यावा कोणता? वेगाची भांडणं सोडून द्यावीत. क्रोम, एज, ऑपेरा, ब्रेव्ह, आणि आपल्या झोहोचा ‘उला’सुद्धा, ज्याला केंद्र सरकारच्या स्वदेशी ब्राउझर स्पर्धेत एक कोटीचं पहिलं बक्षीस मिळालं, हे सगळे क्रोमियम या एकाच पायाभूत सॉफ्टवेअरवर उभे आहेत. दुकानं पाच, पीठ एकाच गिरणीचं. अॅपलवाल्यांचा सफारी वेगळा, आणि विंडोजच्या घरात खऱ्या अर्थाने वेगळा उरतो तो फायरफॉक्स. मराठी अक्षरांसाठीही आता कुणाची मनधरणी करावी लागत नाही. एके काळी मराठी वर्तमानपत्र वाचायला त्यांचा फॉन्ट उतरवावा लागे, ‘इंटरनेट एक्स्प्लोररमध्येच पाहा’ अशी तळटीप असे आणि दुसऱ्या ब्राउझरात अग्रलेखाच्या जागी रांगोळी दिसे. युनिकोडने तो जाच संपवला. 15 जून 2022 रोजी खुद्द एक्स्प्लोररही निवृत्त झाला.

तेव्हा पाहायचं ते मालकाचं पोट कशावर चालतं ते. जाहिराती विकणाऱ्या कंपनीने जाहिराती अडवणाऱ्याला घरात ठेवून घ्यावं, ही अपेक्षाच भाबडी आहे. क्रोमने विस्तारांचे (एक्स्टेन्शनचे) नियम बदलले आणि ‘यूब्लॉक ओरिजिन’ हा लाखोंचा आवडता जाहिरात-रोधक त्यावर बंद पडला. फायरफॉक्सवर तो चालतो. साइट-साइटवर आपला माग काढणाऱ्या परक्या कुकी दोन वर्षांत हद्दपार करू, असं गूगलने 2020 मध्ये सांगितलं होतं. मुदती वाढत गेल्या आणि 2024 मध्ये तो बेत गुंडाळला गेला. फायरफॉक्स असा माग आपणहून अडवतो. मात्र त्याला सोवळ्यातला समजायचं कारण नाही : त्याच्या घरची चूल बरीचशी शोधपेटीच्या भाड्यावर पेटते, आणि ते भाडं गूगलच देतं. संपूर्ण निर्मळ पर्याय हवा असेल तर संगणक विकून टाकावा.

‘गुप्त’ खिडकीबद्दलही एक गैरसमज फार पसरलेला आहे. ती घरच्यांपासून लपवते, एवढंच. साइटला, ऑफिसच्या नेटवर्कला, इंटरनेट देणाऱ्याला ती काही झाकत नाही.

माझं मत विचाराल तर एका ब्राउझरने घर चालवूच नये. देवघर आणि चपलांचं कपाट आपण एका ठिकाणी ठेवत नाही. काकांच्या संगणकावर आता तसं केलंय. संगणकासोबत आलेला एज फक्त बँक, वीजबिल, आयकर आणि पेन्शनच्या दाखल्यासाठी. त्यात एकही विस्तार नाही, नातवाचं खातं नाही, आणि बँकेचा पत्ता बुकमार्क करून वरच्या पट्टीवर ठेवलाय. बँकेचं नाव शोधपेटीत टाकून पहिल्या ओळीवर टिचकी मारायची नाही, कारण पहिली ओळ कधी कधी पैसे देऊन तिथे बसलेल्या भामट्याची असते. बाकी सगळ्याला फायरफॉक्स, जाहिरात-रोधकासह. दोन्ही आपोआप अद्ययावत होऊ द्यायचे. ‘रीस्टार्ट करा’ म्हणाला तर ‘नंतर’ नको. कुणाचा संगणक अजून विंडोज 7 वर असेल, तर त्याच्यावर क्रोम 109 ही शेवटची आवृत्ती आहे, जानेवारी 2023 ची. त्यावरून बँकेत जाणं म्हणजे दाराला कडी न लावता गावाला जाणं.

पडद्यावरच्या दोन चिन्हांची नावंही बदलून दिली. एकाखाली ‘बँक’, दुसऱ्याखाली ‘बाकी सगळं’. काकांनी चष्मा पुसून दोन्ही वाचली आणि ‘रजिस्टर आणि साधं टपाल’ म्हणून मान डोलावली. काकू मागे उभ्या होत्या. म्हणाल्या, ‘‘अरे, ते ठीक. पण यांनी ‘बँक’मध्ये बसून दिवसभर शेअरचे भाव बघितले, तर ते मला दुसऱ्यात दिसेल का?’’