ठसा उमटला तो कशाचा?

पाबळला मस्तानीच्या कबरीपाशी विद्यार्थ्यांना नेले की एक प्रश्न हमखास येतो: ती दिसायची कशी? तिची म्हणून दाखवली जाणारी चित्रे आहेत. त्यांच्या अस्सलपणाची हमी मात्र देता येत नाही. मुलांच्या डोळ्यांपुढे असते ती २०१५च्या चित्रपटातली नायिका.

अशा वेळी एदोचा, म्हणजे जुन्या टोकियोचा, हेवा वाटतो. उतामारोने (मृत्यू १८०६) चहाच्या दुकानातल्या मुली, कलावंतिणी, आरशापुढे बसलेल्या बायका लाकडी ठशांच्या चित्रांत आणल्या. शाराकूने १७९४-९५च्या जेमतेम दहा महिन्यांत काबुकी नटांचे चेहरे टिपले. चित्रकार, कोरणारा, छापणारा आणि प्रकाशक अशा चौघांच्या हातून निघालेला हा कागद सामान्य गिऱ्हाइकालाही परवडे. या चित्रांचे नाव 'उकियो-ए'. 'उकियो' म्हणजे मुळात दुःखमय संसार. एदोकरांनी उच्चार तोच ठेवून त्याचे 'तरंगते जग' केले. (आपला भवसागर मात्र बुडवणाराच राहिला.)

त्याच दशकांत पुण्यात रामजोशी आणि होनाजी बाळा लावण्या रचत होते. द्रव्य, दागिने, शृंगार, करमणूक: मालमसाला तोच. मग चित्र का नाही? 'छापण्याची कला नव्हती' हे उत्तर मला अपुरे वाटते. १८०५मध्ये मिरजेस तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापली गेली ती भगवद्गीता. कोरणारे हात होते. कोरण्याजोगे काय, याचा निवाडा वेगळा होता. सत्तेची नाराजी तर तिकडेही होती, १८०४मध्ये उतामारोला हातकड्या पडल्या. पण तिथे धोका पत्करणारा प्रकाशक होता आणि त्याला गिऱ्हाईक होते.

पुढे पुण्याची चित्रशाळा (१८७८) आणि रविवर्म्याचा मुंबईतला छापखाना (१८९४) यांची चित्रे घरोघर लागली, ती प्रामुख्याने देवादिकांची, पुराणांतली आणि इतिहासपुरुषांची. रस्त्यावरची मुंबई धुरंधरांनी मन लावून रेखाटली. पण त्यांची चित्रे असलेले 'बायवेज ऑफ बॉम्बे' (१९१२) हे पुस्तक इंग्रजी, आणि लेखक एडवर्ड्‌स हा मुंबईचा पोलीस कमिशनर.

आपण मराठीचे प्राध्यापक लावणी शिकवतो ती रस-अलंकारांसाठी. मीही वर्षानुवर्षे तेच केले. तिच्यातले शहर वाचायचे राहून गेले. येत्या सत्रात होनाजीशेजारी उतामारोचे एक चित्र वर्गात लावणार आहे. 'हे अभ्यासक्रमात कुठे बसते?' असे कोणी विचारील. बसत नाही.