छेद कोणता, ते आधी विचारा

जयंतीच्या एका कार्यक्रमात आम्ही भाषण करत होतो. आवाज चढलेला, समोर तरुणांची गर्दी. आम्ही म्हणालो, "२०११ च्या जनगणनेप्रमाणे महाराष्ट्रात अनुसूचित जाती १ कोटी ३३ लाख आणि बौद्ध ६५ लाख. म्हणजे आपण दोन कोटी आहोत, दोन कोटी!" टाळ्या पडल्या. कार्यक्रम संपल्यावर बारावीत शिकणारी एक मुलगी जवळ आली आणि म्हणाली, "सर, तुम्ही मला दोनदा मोजलंत. मी अनुसूचित जातीतही आहे आणि बौद्धही आहे."

आमच्याकडे उत्तर नव्हते. तिचे बरोबर होते आणि आमचे चूक. टाळ्या चुकीच्या बेरजेला पडल्या होत्या.

घरी येऊन हिशेब केला. अनुसूचित जाती १३२.८ लाख. बौद्ध ६५.३ लाख. ज्यांची नोंद दोन्हीकडे आहे असे सुमारे ५२ लाख. हे ५२ लाख आपण दोनदा धरले, म्हणून ते एकदा वजा करायचे. उरतात सुमारे १४६ लाख. म्हणजे दोन कोटी नव्हे, दीड कोटीलाही थोडे कमी. राज्याच्या सव्वाअकरा कोटींत हे प्रमाण सुमारे १३ टक्के येते. आम्ही ते साडेसतरा टक्के करून ठेवले होते. विरोधकाने हीच चूक टीव्हीवर पकडली असती तर पुढचे तासभर आम्ही कितीही खरे बोललो असतो, तरी लोकांनी आम्हाला थापाड्याच म्हटले असते.

यात अवघड काही नाही. आपल्या राज्याच्या नववीच्या गणिताच्या पुस्तकात पहिलेच प्रकरण 'संच' आहे. दोन संचांच्या संयोगातील घटक मोजायचे तर दोघांची बेरीज करा आणि छेदातील घटक वजा करा. दोन वर्तुळे काढा, एकमेकांवर सरकवा, मधला भाग रंगवा. आपल्यातल्या बहुतेकांनी हे दोन मार्कांसाठी केले आणि विसरून गेलो. कारण पुस्तकात संच होते क्रिकेट खेळणाऱ्या आणि कबड्डी खेळणाऱ्या मुलांचे. अनुसूचित जाती आणि बौद्ध असे दोन संच घेऊन कोणत्या शाळेत वेन आकृती काढली जाते? काढली असती तर त्या मधल्या रंगवलेल्या भागात वर्गातली निम्मी मुले बसलेली दिसली असती.

आता मुद्द्यावर येतो. हा मधला भाग कायम रंगवलेला नव्हता. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाप्रमाणे हिंदूखेरीज दुसऱ्या धर्माच्या माणसाला अनुसूचित जातीत धरले जात नव्हते. १९५६ मध्ये त्यात शीख आले. त्याच वर्षी १४ ऑक्टोबरला नागपुरात बाबासाहेबांनी धम्मदीक्षा दिली आणि लाखो लोक एका वर्तुळातून दुसऱ्यात गेले. केंद्राच्या कायद्याच्या भाषेत त्या दोन वर्तुळांचा छेद रिक्त संच होता. माणूस तोच, वस्ती तीच, विहिरीवरची अडवणूक तीच. पण कागदावर तो अस्पृश्यतेच्या हिशेबातून वजा झाला. आजच्या महाराष्ट्राच्या भूभागात १९५१ मध्ये बौद्ध जेमतेम अडीच हजार होते, १९६१ मध्ये ते जवळपास २८ लाख झाले. राज्य सरकारने आपल्या पातळीवर काही सवलती दिल्या. केंद्राचे दार मात्र १९९० पर्यंत बंद राहिले.

१९९० मध्ये आदेशात 'बौद्ध' हा शब्द आला. त्याचा परिणाम जनगणनेत बघा. महाराष्ट्रात १९८१ मध्ये अनुसूचित जाती सुमारे ४४.८ लाख, म्हणजे ७.१ टक्के. १९९१ मध्ये ८७.६ लाख, म्हणजे ११.१ टक्के. दहा वर्षांत जवळजवळ दुप्पट! हा आलेख कोणी व्हॉट्सॲपवर टाकला आणि खाली "यांची लोकसंख्या बघा कशी वाढते" असे लिहिले, तर तुम्ही काय उत्तर देणार? शिवी देणार की आकडा देणार? आकडा असा आहे. त्याच दहा वर्षांत राज्याची लोकसंख्या सुमारे २६ टक्क्यांनी वाढली आणि बौद्धांची ३९.५ लाखांवरून ५०.४ लाखांवर गेली, म्हणजे सुमारे २८ टक्क्यांनी. पाळणे दुप्पट हलले नव्हते. मुख्यतः संचाची व्याख्या बदलली होती. ज्याला व्याख्या बदलल्याचे कळत नाही तो वाढ बघून घाबरतो किंवा घाबरवतो. म्हणून आम्ही म्हणतो, आकडा ऐकला की त्याच्या आधी संच विचारा. यात कोण धरले, कोण सोडले, आणि कोणी ठरवले?

आता दुसरा छेद. मराठीत ही एक गंमत आहे. संचांचा छेद असतो आणि अपूर्णांकाचाही छेद असतो. वर अंश, खाली छेद. आपल्या विरोधातले निम्मे युक्तिवाद अंश दाखवतात आणि छेद लपवतात.

२० मार्च २०१८ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आठवा. प्रकरण महाराष्ट्रातूनच गेले होते. ॲट्रॉसिटी कायद्याचा गैरवापर होतो, या चर्चेत त्या निकालात २०१५ ची आकडेवारी आली. न्यायालयांनी निकाली काढलेल्या १५,६३८ खटल्यांपैकी ११,०२४ मध्ये आरोपी सुटले, ४९५ मागे घेतले गेले, ४,११९ मध्ये शिक्षा झाली. बेरीज करून बघा, बरोबर जुळते. आकडा खोटा नाही. त्यावरून काढलेला अर्थ मात्र साफ खोटा होता, आणि तो गावोगावच्या पारावर पोहोचला: "शंभरातले सत्तर खटले खोटे असतात."

'आरोपी सुटले' हा एक संच आहे. 'तक्रार खोटी होती' हा दुसरा संच आहे. एकाला दुसऱ्याचे नाव कोणी दिले? ज्याने पोलीस ठाण्याच्या पायऱ्या झिजवल्या आहेत त्या कार्यकर्त्याला हे पुस्तकाशिवाय माहीत आहे. पोलिसांना तक्रार खोटी वाटली की ते 'ब' समरीचा अहवाल पाठवतात आणि तो मंजूर झाला की प्रकरण तिथेच मिटते, खटला उभाच राहत नाही. खटला उभा राहतो तो दोषारोपपत्र गेल्यावर, म्हणजे पोलिसांना तक्रारीत तथ्य वाटल्यावर. मग त्या ११,०२४ खटल्यांना खोटे म्हणायचे कशाच्या आधारावर? पोलिसांनी खोटी ठरवलेली प्रकरणे आणि न्यायालयात सुटलेले खटले हे जवळजवळ विभिन्न संच आहेत. पाच-सात वर्षे खटला रखडला, साक्षीदार त्याच मालकाच्या शेतावर कामाला जाणारा, पंच फितूर झाला, तपास ज्या दर्जाच्या अधिकाऱ्याने करायला हवा त्याने केलाच नाही. आरोपी या वाटांनी सुटतात. शिक्षेचे प्रमाण २६ टक्के आहे, यातून फिर्यादीचा खोटेपणा सिद्ध होतो की सरकारी यंत्रणेचा नाकर्तेपणा, हे तो आकडा एकटा सांगू शकत नाही. शिवाय छेद बघा. १५,६३८ हे त्या वर्षी निकाल लागलेले खटले. जे अडकून पडले ते या छेदात नाहीत. ज्या घटनेची फिर्यादच घेतली गेली नाही, ती कोणत्याच संचात नाही.

२ एप्रिलच्या बंदला आपण रस्त्यावर उतरलो, माणसे गेली, संसदेने कायद्यात दुरुस्ती केली, १ ऑक्टोबर २०१९ रोजी न्यायालयाने आपलेच निर्देश मागे घेतले. ते झाले. पण पारावरचे ते 'सत्तर टक्के' अजून तसेच आहे. ते मोर्चाने जात नाही. ते पाटीवर दोन वर्तुळे काढून, समोरच्याला बसवून घालवावे लागते.

आणखी एक नमुना. २०१९ च्या १०३ व्या घटनादुरुस्तीने आर्थिक दुर्बल घटकांना १० टक्के आरक्षण दिले. नाव ऐकून वाटते, गरीब नावाचा एक संच आहे. कलम वाचा. आधीच्या कलमांत ज्या वर्गांचा उल्लेख आहे ते सोडून उरलेल्यांतले दुर्बल, असे ते आहे. म्हणजे अनुसूचित जाती, जमाती आणि मागासवर्ग यांच्या संयोगाचा पूरक संच घ्या आणि त्याचा गरिबांच्या संचाशी छेद घ्या. गरीब असणे पुरेसे नाही. यांपैकी एकाही वर्गात नसणे, ही पहिली अट. हा डी मॉर्गनचा नियम आहे. तो गणिती जन्माने मदुराईचा, १८०६ चा. आता याच प्रश्नावर नेमलेल्या सिन्हो आयोगाचे २०१० चे आकडे ठेवा: दारिद्र्यरेषेखालचे सुमारे ३१.७ कोटी, त्यांत सर्वसाधारण प्रवर्गातले सुमारे साडेपाच कोटी. म्हणजे गरिबांसाठीच्या योजनेतून दर शंभर गरिबांतले ऐंशीहून अधिक व्याख्येनेच बाहेर. ७ नोव्हेंबर २०२२ रोजी तीन विरुद्ध दोन मतांनी हे वैध ठरले. विरोधी निकालपत्रात हे आकडे आहेत. आमच्या किती कार्यकर्त्यांनी ते पान उघडले? घोषणा मात्र आम्हा सर्वांना पाठ.

काही मित्र म्हणतात, "आम्हाला आकडे कशाला? आमचा अनुभव पुरेसा आहे. आकडे हे प्रस्थापितांचे हत्यार." हत्यार त्यांचे आहे हे मान्य. रिस्लेने नाके मोजून जातींची चढती-उतरती भाजणी लावली, तेव्हा आकडे कोणाच्या बाजूने होते ते उघड आहे. पण बाबासाहेबांनी काय केले? १९४८ च्या अस्पृश्यांवरील ग्रंथात त्यांनी नाकांची तीच मापे हातात घेतली, प्रांत-प्रांत करून ब्राह्मण आणि अस्पृश्य शेजारी ठेवले, आणि दोघांचा वंश वेगळा असल्याचा सिद्धांत त्याच आकड्यांनी मोडून काढला. १९४५ मध्ये काँग्रेसवर लिहिताना, १९३७ च्या निवडणुकीत १५१ राखीव जागांपैकी ७८ काँग्रेसने घेतल्या, हे मांडून त्या जागा कोणाच्या मतांनी निवडून आल्या ते त्यांनी तक्त्यांनी तपासले. प्रतिनिधी कोणाचे, हा प्रश्न त्यांनी भावनेवर सोडला नाही. आपण त्यांचा फोटो लावतो, त्यांचे तक्ते वगळून पुढचे पान उलटतो. खरे सांगायचे तर आम्हीही कित्येक वर्षे ते तक्ते वगळूनच वाचले.

गणिताची भीती आम्हाला ठाऊक आहे. "तुमच्याच्याने व्हायचे नाही," हे शाळेत कोणी ना कोणी ऐकवलेले असते. पण इथे लागते ते एवढेच: संच, उपसंच, छेद, संयोग, पूरक संच, मग मध्य आणि मध्यक यांतला फरक, मग टक्का कशाचा, हे विचारण्याची सवय. दहा घरांची वस्ती, नऊ घरांत महिना दहा हजार आणि दहाव्या कंत्राटदाराच्या घरात दोन लाख, तर सरासरी निघते २९ हजार. ती एकाही घराची मिळकत नाही. मध्यक दहा हजार, आणि वस्ती तीच आहे. हे रविवारी विहारात तासाभरात शिकवता येते, खडू आणि फळा पुरतो. आता आमच्या अभ्यासवर्गात संचाचा तास ती बारावीची मुलगी घेते. आम्ही मागच्या ओळीत बसतो.

घाई आहे म्हणून हे लिहितो आहोत. ३० एप्रिल २०२५ रोजी केंद्राने येत्या जनगणनेत जात मोजण्याचा निर्णय जाहीर केला. २०२७ ची ही गणना दारात येईल तेव्हा धर्माचा रकाना वेगळा असेल आणि जातीचा वेगळा. २०११ मध्ये महाराष्ट्रातल्या ६५ लाख बौद्धांपैकी सुमारे १३ लाख अनुसूचित जातीत नोंदले गेले नाहीत. दर पाचांत एक. इतर समाजांतून धम्मात आलेले त्यात असतील. पण ज्यांनी धर्म बौद्ध सांगितला आणि जात सांगितलीच नाही, किंवा जातीच्या जागी 'बौद्ध' सांगितले, असे आपलेच लोक त्यात मोठ्या संख्येने असावेत असे आमचे मत आहे. यादीत 'बौद्ध' नावाची जात नाही. 'दलित' नावाचीही नाही.

"धम्म घेतला, आता जात तोंडाने उच्चारणार नाही," म्हणणाऱ्या जुन्या कार्यकर्त्यांबद्दल आम्हाला आदर आहे. घरात, लग्नात, नावात जात उच्चारू नका. पण प्रगणकासमोर तो रकाना रिकामा ठेवला तर १९५० च्या आदेशाने जो छेद रिकामा ठेवला होता, तोच आपण आपल्या हाताने पुन्हा रिकामा करतो. मतदारसंघ, निधी, नोकऱ्यांतले प्रमाण, सगळ्यांचे गणित त्याच आकड्यावर चालते. धर्म: बौद्ध. जात: यादीत आहे ती, यादीत आहे त्याच नावाने. आपल्या वस्तीतल्या प्रत्येक घरात हे दोन रकाने कागदावर काढून दाखवा, म्हाताऱ्या आजीकडून एकदा म्हणवून घ्या, आणि प्रगणकाने काय टिपले ते तो दारातून हलण्याआधी वाचून घ्या.