पेटीच्या आतील तारा

गेल्या ऑक्टोबरात, रोझरीच्या महिन्यात, सिल्वासाजवळील एका पाड्यावर प्रार्थनेसाठी आम्ही गेलो होतो. तेथील एका हुशार तरुणाने स्वतः जुळविलेला ध्वनिवर्धक पत्र्याच्या पेटीत बसविला होता. पेटीला निळा रंग, वर क्रूसही काढलेला. दुसरे रहस्य चालू असता प्रार्थना सांगणाऱ्या मावशींच्या हातून माईक एकदम गळून पडला. त्यांना विजेचा झटका बसला होता. देवकृपेने त्या बचावल्या.

प्लग काढून, काही वेळ थांबून, पेटी उघडली. आत तारांचे जाळे! मुख्य तार पत्र्याच्या उघड्या भोकातून आत घेतलेली. धारेवर घासून तिचे आवरण कापले गेले होते. अर्थिंगची तार जोडलेलीच नव्हती. त्यामुळे साऱ्या पेटीत वीज उतरली व माईकच्या तारेवरील जाळीवाटे ती मावशींच्या हातापर्यंत पोहोचली.

आमच्या कुटुंबांतील मुले असली यंत्रे जुळवितात, हे कौतुकास्पद खरेच. परंतु रंग बाहेरून देण्यापूर्वी आत पाहावे. भोकात रबरी कडे बसवावे. तार आत येताच पकडीने घट्ट आवळावी, म्हणजे बाहेरचा हिसका जोडावर येत नाही. अर्थिंगची तार इतर दोहोंपेक्षा किंचित लांब ठेवावी. तार उपटली गेलीच तर ती सर्वांत शेवटी सुटते. मुख्य तारा एका कडेने व माईकच्या तारा दुसऱ्या कडेने न्याव्यात, नाहीतर कर्ण्यातून सतत घुंई ऐकू येते (उपदेश ऐकणाऱ्यांना एवढी शिक्षा पुरे!). ओलांडणे भागच पडले तर काटकोनात ओलांडाव्यात.

तारांच्या जुड्या बांधण्यास प्लास्टिकच्या पट्ट्या स्वस्त मिळतात. अमेरिकेतील मॉरस लोगन यांनी त्या १९५८ साली विमानांतील तारांसाठी शोधून काढल्या. त्यापूर्वी टेलिफोन केंद्रांतून मेण लावलेल्या दोऱ्याने तारा बांधीत, आणि ते कसब अद्याप मेलेले नाही: २०१२ साली मंगळावर उतरलेल्या ‘क्युरिऑसिटी’ गाडीतील जुड्याही दोरीनेच बांधलेल्या आहेत. पट्टी नसेल तर सुती दोऱ्यास वेदीवरील उरलेल्या मेणबत्तीचे मेण चोळावे. मात्र तापणाऱ्या ट्रान्सफॉर्मरपासून तो दूर ठेवावा.

त्या तरुणाने आठवड्याभरात पेटी नव्याने जुळविली. आम्ही ती उघडून पाहिली. काम उत्तम होते. मावशींनी मात्र त्या संध्याकाळी माईकला हात न लावताच रोझरी सांगितली.